शॉर्ट सर्व्हिस संपतेय, बाहेर माणसं कशाच्या जोरावर बांधायची?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी इन्फंट्रीत मेजर आहे, शॉर्ट सर्व्हिस (म्हणजे ठरावीक वर्षांचं कमिशन), चेन्नईच्या ओटीएतून (ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी) आलेलो. १० वर्षं पूर्ण होतायत आणि पुढचं ४ वर्षांचं एक्स्टेंशन घ्यायचं नाही असं घरी ठरलंय, कारण १४ वर्षांनी बाहेर पडलो तरी पेन्शन नाहीच (अधिकाऱ्याला पेन्शनला २० वर्षं लागतात) आणि तेव्हा वय ३८ होणार, मग नव्याने सुरुवात करणं अजून अवघड. बायको पुण्यात नोकरी करते, मुलगी आता पहिलीत जाईल, आईवडील वाळव्याला असतात. म्हणजे पुण्याच्या आसपास काही जमलं तर बरं.

समोर तीन रस्ते आहेत. एक, शेवटच्या वर्षात डीजीआरमार्फत (माजी सैनिकांच्या पुनर्वसनाचं सरकारी कार्यालय) आयआयएमचा २४ आठवड्यांचा कोर्स. दोन, आयएसबीसारख्या (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) ठिकाणी एक वर्षाचा फुलटाइम एमबीए, पण फी तीस-चाळीस लाखांच्या घरात जाते आणि कर्ज काढावं लागेल. तीन, सरळ नोकरी. ओळखीतून आत्तापर्यंत जे फोन आले ते सगळे सिक्युरिटी हेड नाहीतर ॲडमिन मॅनेजरचे.

आतापर्यंत काश्मीर खोऱ्यात राष्ट्रीय रायफल्समध्ये कंपनी (सव्वाशे जवानांची तुकडी) सांभाळली, सियाचीन ग्लेशियरवर पोस्ट कमांडर होतो, मध्ये बटालियनचा क्वार्टरमास्टर (रसद आणि सामान बघणारा अधिकारी) पण होतो.

पण खरा प्रश्न वेगळाय. बाहेर सॅल्यूट मिळणार नाही याचं मला काही वाटत नाही. काळजी ही आहे की फौजेत माणसं माझ्यामागे आली कारण आम्ही एका लंगरचं (जवानांच्या स्वयंपाकघराचं) खाल्लं, एका बुखारीभोवती (शेगडीभोवती) झोपलो, एका दोरीला बांधून बर्फावर चाललो, माझं चुकलं तर त्यांचा जीव जाणार आणि त्यांचं चुकलं तर माझा, हे दोघांनाही माहीत होतं. बाहेर संध्याकाळी सगळे आपापल्या घरी जाणार, पगार दुसरीकडे जास्त मिळाला की महिन्याभरात राजीनामा. मग तिथे माणसं कशाच्या जोरावर बांधायची? फौजेत शिकलेल्यातलं काय खरंच चालतं आणि काय दारातच सोडून यायचं? जे गेलेत त्यांनी किंवा ज्यांनी अशा माणसाच्या हाताखाली काम केलंय त्यांनी मोकळेपणाने सांगा.

---

गोदामवाला

मेजर साहेब, मीही ओटीएचाच, बाहेर पडून बरीच वर्षं झाली, आता भिवंडीत एका मोठ्या वेअरहाऊसचं ऑपरेशन्स बघतो.

सिक्युरिटी-ॲडमिनची ऑफर पहिली आली म्हणून घेऊ नका. त्या कामात कमीपणा आहे म्हणून नाही, कॅप्टन रघु रामन फौजेतून बाहेर पडून महिंद्रात याच क्षेत्रात गेले, त्यांची स्पेशल सर्व्हिसेस ग्रुप कंपनी चालवली आणि पुढे नॅटग्रिडचे (केंद्र सरकारच्या गुप्तवार्ता-माहिती जाळ्याचे) प्रमुख झाले, तेव्हा मनापासून आवड असेल तर जरूर जा. पण नुसतं पहिलं दार उघडं दिसलं म्हणून शिरलात तर चार-पाच वर्षांनी बदलायला गेल्यावर लोक म्हणतात तुमचा अनुभव सिक्युरिटीचा. जिथून कंपनीला पैसा येतो त्या कामात शिरा, म्हणजे ऑपरेशन्स, सप्लाय चेन, प्रोजेक्ट, प्लांट. ॲमेझॉनसारख्या कंपन्यांत माजी सैनिकांसाठी वेगळी भरती चालते, तिकडे अर्ज टाकाच.

आता, क्वार्टरमास्टरचं काम तुम्ही अर्ध्या वाक्यात उरकलंत, बाहेर तुमचं सगळ्यात मोलाचं तेच आहे. लडाखचं विंटर स्टॉकिंग आठवा, झोजिला खिंड बंद व्हायच्या आत पूर्ण हिवाळ्याचं रेशन, केरोसीन, औषधं, कपडे वर चढवायचे, कुठल्या पोस्टला गाडी जाते, कुठे खेचर आणि कुठे फक्त हेलिकॉप्टर, किती माणसं, किती दिवस, वाटेत किती खराब होणार, आणि एक अंदाज चुकला तर मार्च-एप्रिलपर्यंत दुसरी संधी नाही. दिवाळीच्या सेलआधी आमच्याकडे जे चालतं ते याच जातीचं गणित आहे, फक्त इथे चुकलं तर माल परत येतो. मी नव्या मुलांना अजून फौजेच्याच पद्धतीने शिकवतो, आधी खाणारी तोंडं मोजा मग पोती.

काय चालतं विचारलंत तर ऑपरेशन ऑर्डर चालते, अगदी जशीच्या तशी. परिस्थिती काय, काम काय, कसं करायचं, सामान कुठून येणार, कोण कोणाशी बोलणार. आपल्याकडे मिशन दोनदा सांगतात, मी इथेही दोनदा सांगतो आणि मग सगळ्यात ज्युनियर पोराला विचारतो, आता तू सांग आपण काय करणार आहोत. तिथे कळतं की सुपरवायझरला जे समजलं ते खालपर्यंत पोचलं की नाही. कंपन्यांमधे तासतास मीटिंगा होतात आणि बाहेर पडताना प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं काम असतं, हे तुम्ही पहिल्या आठवड्यातच बघाल.

आणि तेव्हाचा सरसेनापती चेटवूड याचं ते वाक्य, जे १९३२ ला आयएमएच्या (डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीच्या) उद्घाटनाला तो बोलला आणि आपण सगळ्यांनी पाठ केलं, देश आधी, मग तुमची माणसं, मग शेवटी तुम्ही. बाहेर पहिल्या ओळीची जागा कंपनी घेऊ शकत नाही, घेऊही नये, पण दुसरी आणि तिसरी ओळ जशीच्या तशी लागू पडते. तुमच्या "कशाच्या जोरावर"चं माझं उत्तर तेच आहे. रात्री दोनला ट्रक अडकला की लोडिंगच्या पोरांना चहा आला का हे विचारणारा मॅनेजर त्यांनी फारसा पाहिलेला नसतो.

दारात सोडायची गोष्ट म्हणजे सगळे आपल्या हाताखाली आहेत ही सवय. तिथे सीओने (बटालियनच्या प्रमुखाने) सांगितलं की ॲडज्युटंटपासून (त्याच्या मदतनीस अधिकाऱ्यापासून) लंगर कमांडरपर्यंत सगळं हललं. इथे फायनान्स तुमच्या हाताखाली नाही, आयटी नाही, क्वालिटी नाही, आणि तुमचं काम मात्र त्यांच्याशिवाय होत नाही. त्यांच्याकडे जाऊन बसावं लागतं, त्यांची अडचण ऐकावी लागते, चार वेळा विचारावं लागतं. याला वेळ द्या.

कोर्सबद्दल: डीजीआरचा घ्या. फीचा बराच भाग सरकार भरतं आणि सर्व्हिसमध्ये असतानाच होतो. बॅलन्स शीट वाचता येणं आणि बरोबरच्यांशी ओळखी, एवढं मिळालं तरी पुष्कळ. कन्सल्टिंग किंवा फायनान्समध्ये जायचं असेल तरच मोठं कर्ज काढून फुलटाइम एमबीए करा, ऑपरेशन्ससाठी नको असं माझं स्पष्ट मत.

---

चाकणकर

मी फौजी नाही, पण एका माजी मेजरच्या हाताखाली चाकणला प्लांटमध्ये काही वर्षं काम केलंय, तेव्हा दुसऱ्या बाजूने सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही.

साहेब आले तेव्हा आम्हाला वाटलेलं आता रोज परेड होणार. तसं काही झालं नाही. पहिले काही आठवडे त्यांनी फक्त लाइनवर उभं राहून बघितलं, तिन्ही शिफ्टला, रात्रपाळीलासुद्धा, आणि कॉन्ट्रॅक्टच्या पोरांची नावं पाठ केली. नुसती नावं नाही, कोण बीडचा, कोण बिहारचा, कोणाची बहीण लग्नाची आहे, कोणाचा पीएफ अडकलाय. तो अडकलेला पीएफ त्यांनी ठेकेदाराला समोर बसवून सोडवून घेतला, जे त्यांचं काम नव्हतंच खरं तर. त्या दिवसानंतर त्या पोरांनी त्यांच्यासाठी काय केलं नसतं सांगा. कॅन्टीनमध्ये शिफ्टचं जेवण सुरू झालं की साहेब रांगेत सगळ्यात शेवटी. कुणी म्हटलं सर पुढे या तर म्हणायचे पोरांचं होऊ दे. सुरवातीला आम्हाला ते दाखवायला वाटलं, पण वर्षभर कोणी दाखवायला असं करत नाही.

अजून एक, काही बिघडलं की ते "कुणी केलं" असं आधी विचारत नसत, "काय झालं" विचारत. ब्रेकडाऊन झाला की दुसऱ्या दिवशी त्यात असलेल्या सगळ्यांना उभ्या उभ्या एकत्र घ्यायचे, ऑपरेटर, मेंटेनन्स, स्वतः ते, आणि काय ठरलं होतं, काय घडलं, पुढच्या वेळी काय करायचं, एवढंच. तिथे ऑपरेटर साहेबांना तोंडावर सांगू शकायचा की तुम्ही पार्ट उशिरा मंजूर केला म्हणून लाइन थांबली, आणि ते वहीत लिहून घ्यायचे. हे आमच्याकडे आधी कधीच नव्हतं.

जे जमलं नाही ते पण सांगतो कारण तुम्ही मोकळेपणाने सांगा म्हणालात. युनियनच्या लोकांशी सुरवातीला फार घासाघीस झाली. साहेबांना वाटायचं काम देशाचं-कंपनीचं आहे तर अर्धा तास जास्त थांबायला काय हरकत आहे, आणि इकडे प्रतिनिधी म्हणायचे ओव्हरटाइम लिहा, मग थांबतो. प्रतिनिधीचं बरोबरच होतं. फौजेत माणूस चोवीस तास तुमचा असतो, इथे तो आठ तास तुमचा आहे आणि उरलेले तास त्याच्या घरचे आहेत. हे मान्य केल्यावर साहेबांचं आणि युनियनचं इतकं छान जमलं की पगारवाढीच्या बोलणीत दोन्ही बाजूंना तेच बसायला हवे असायचे. तुम्ही येण्याआधी कामगार कायदे एकदा नीट वाचून या.

---

एचआरवाली_पुणे

चाकणकर, ओव्हरटाइमचा मुद्दा फार महत्त्वाचा सांगितलात.

मी भरतीत काम करते, बऱ्याच माजी अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्यात. मेजर साहेब, "कुठलंही काम द्या सर, करून दाखवेन" हे उत्तर कृपया देऊ नका. तुमच्या मनात ती तयारी असते, विश्वास असतो, पण टेबलाच्या या बाजूला ऐकू येतं की या माणसाला काय हवंय ते ठरलेलं नाही. एक काम निवडा, त्याची माहिती काढा, त्या कामातल्या चार लोकांशी बोला आणि मग सांगा की मला हे करायचंय आणि मी ते का करू शकेन.

दुसरं म्हणजे तुम्ही सगळे "आम्ही केलं" म्हणता. संस्कार चांगला आहे, पण मुलाखतीत मला तुमचा निर्णय कळायला हवा. कंपनीने मोहीम केली हे ठीक, त्यात तुम्ही काय ठरवलं, काय नाकारलं, कशाची जबाबदारी घेतली?

सीव्ही एक-दोन पानांचा ठेवा. "कंपनी कमांडर" वाचून माझ्या टीममधल्या पोरीला वाटतं की हे कुठल्यातरी फर्मचे मालक होते! तिथे लिहा की सव्वाशे माणसं, त्यांचं ट्रेनिंग, सुट्ट्या, शिस्त, शस्त्रं, गाड्या, सगळ्याची जबाबदारी वयाच्या तिशीत तुमच्या एकट्यावर होती. आमच्याकडे त्या वयात सात-आठ जणांची टीम मिळाली तरी पार्टी देतात. पण युनिटचं नेमकं ठिकाण, पोस्टची नावं, ऑपरेशनचे तपशील सीव्हीत किंवा लिंक्डइनवर अजिबात टाकू नका, हे दिसलं की उलट मला काळजी वाटते.

पगाराचं बोलताना सीटीसी (कंपनीला तुमच्यावर होणारा वर्षाचा एकूण खर्च) आणि हातात येणारे पैसे वेगळे धरा. क्वार्टर, रेशन, मुलांच्या शाळेचा भत्ता, दवाखाना, हे सगळं आतापर्यंत पगारात न दिसता मिळत होतं. पुण्यात दोन बेडरूमचं भाडं आणि शाळेची फी मांडून मगच आकडा सांगा.

---

डोंगरवाट

थोडं वेगळं मत. सगळे नोकरीच का सांगताय? कॅप्टन गोपीनाथ ८ वर्षं फौजेत होते, ७१ च्या युद्धात होते, बाहेर पडून आधी कर्नाटकात शेती केली, रेशीम केलं, मग हेलिकॉप्टर सेवा आणि २००३ ला एअर डेक्कन. वाळव्यात तुमची जमीन असेलच. आणि यूपीएससी पण आहे, ५ वर्षं सेवा झालेल्या शॉर्ट सर्व्हिसवाल्यांना वयात ५ वर्षांपर्यंत सूट मिळते, म्हणजे खुल्या गटात ३७ पर्यंत.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. डोंगरवाट, जमीन आहे पण ऊस वडील आणि चुलते बघतात, त्यात घुसून तिथली घडी विस्कटायची नाही. यूपीएससीचा विचार केला होता, घरात पगार लागतो म्हणून सोडला.

चाकणकर, तुमचं वाचून खूप बरं वाटलं. पीएफचं जे लिहिलंत ते तर आमच्याकडे रोजचंच आहे. गोदामवाला सर, एक शंका आहे, तिथे माणूस वर्षभरात सोडून जातो, मग एवढी मेहनत घेऊन माणूस घडवायचा आणि तो दुसऱ्याकडे जाणार, हे मनाला कसं पटवता?

---

सुभेदार_सातारा

जय हिंद साहेब. मी मराठा लाइट इन्फंट्रीचा, सुभेदार म्हणून रिटायर, आता तळेगावला एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर हाय. मुलगा टाइप करून देतोय.

साहेब, जवानाच्या बाजूनं सांगतो. आम्ही मागं जायचो ते खांद्यावरचे स्टार बघून न्हाई. आमच्याकडं एक कॅप्टन साहेब आले होते पंजाबचे, त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. वर्षभरात असं मराठी बोलायला लागले की गणपतीत आरती म्हणायचे सगळ्यांबरोबर, आणि कोण जवान नवीन सुट्टीवरनं आला की त्याला विचारायचे पाऊस झाला का, पेरणी झाली का. सुट्टीचा चार्ट बनवताना पेरणी-सुगी ज्याच्या घरी माणूसबळ न्हाई त्याला आधी. एका पोराच्या बांधाची केस होती, भावकीनं जमीन दाबलेली, पोराचं लक्ष ड्यूटीवर न्हाई, रात्री झोप न्हाई. साहेबांनी कलेक्टरला पत्र लिहिलं, जिल्हा सैनिक कार्यालयाला लिहिलं, उत्तर येईपर्यंत पाठपुरावा केला. आता सांगा, असल्या साहेबाच्या मागं त्यो पोरगा जाणार न्हाई तर कुणाच्या जाणार? बुखारी, दोरी ह्या नंतरच्या गोष्टी हायत साहेब.

आमच्या साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक, ४१ आरआरचे (राष्ट्रीय रायफल्स) सीओ होते, नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्यात शहीद झाले. सीओ असून स्वतः पुढं होते. त्यांच्या मागं त्यांच्या पत्नी स्वाती ताई ओटीएला गेल्या आणि २०१७ ला अधिकारी झाल्या. आमच्या भागात प्रत्येक घरात हे माहीत हाय. पुढं उभा राहणारा माणूस लोक विसरत न्हाईत, मग ती फौज असू द्या न्हाईतर फॅक्टरी.

आता तुमच्या शंकेचं. साहेब, फौजेत पण पोस्टिंग यायचीच की. दोन-अडीच वर्षांनी तुम्ही दुसरीकडं, जवान इआरईला (युनिटबाहेरच्या नेमणुकीला), कोण आरआरला, कोण कोर्सला. तुम्ही तयार केलेला एनसीओ (नाईक-हवालदार) दुसऱ्या कंपनीत गेला तर तुम्ही कधी वाईट वाटून घेतलं का? उलट सांगायचा अभिमानानं, माझा पोरगा हाय त्यो. इथं माझ्या गेटवरची दोन पोरं मी अभ्यासाला बसवली, एक पोलीस भरतीत लागला, एक अग्निवीर झाला. गेली सोडून. त्यांच्या जागी जी आली ती त्यांनीच गावाकडनं पाठवलेली हायत, आणि आल्या दिवसापासनं काम ऐकतात.

---

गोदामवाला

सुभेदार साहेब, जय हिंद. यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच जोडतो की आमच्याकडेही जे सुपरवायझर सोडून गेले त्यातले काही मोठ्या जागेवर बसून आज आम्हालाच माणसं आणि काम देतात.

---

फौजी_घर

माझे मिस्टर पण शॉर्ट सर्व्हिसमधून बाहेर पडलेत म्हणून घरच्या बाजूच्या काही गोष्टी.

रिलीज मेडिकल बोर्डाला (फौज सोडतानाच्या तपासणीला) काही लपवू नका हो भाऊ. गुडघे, पाठ, कानाचं ऐकू येणं, ग्लेशियरवर काही झालं असेल तर, सगळं कागदावर आणा. "मी फिट आहे" म्हणून सही करून येतात आणि पुढे त्रास सुरू झाला की हातात कागद नसतो. शॉर्ट सर्व्हिसवाल्यांनाही २०१९ पासून ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) खुलं झालंय, एकरकमी वर्गणी भरावी लागते, नियम नीट वाचून अर्ज करा, आणि तोपर्यंत घरच्यांचा मेडिक्लेम आधीच काढून ठेवा. डीएसओपी (अधिकाऱ्यांचा प्रॉव्हिडंट फंड), ग्रुप इन्शुरन्स, ग्रॅच्युइटीचे पैसे एकदम खात्यात येतात आणि लगेच नातेवाईक, एजंट, प्लॉटवाले फोन करायला लागतात. पहिलं वर्षभर ते पैसे एफडीत पडू द्या, निदान तुमची नोकरी बसेपर्यंत. आमच्या ओळखीत एकाने सगळे फ्लॅटमध्ये अडकवले आणि बिल्डरने ताबाच दिला नाही.

आणि वहिनींना विचारा त्यांना काय वाटतं. इतकी वर्षं शाळा, दवाखाना, गॅस, सासूसासरे सगळं त्यांनी एकटीने चालवलंय, त्या घराची पद्धत त्यांची आहे. तुम्ही आलात म्हणून ती एकदम बदलायला लागलात तर खटके उडतात, आमच्याकडे उडालेत.

---

कृष्णाकाठ

वहिनी, हे बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली शेवटचा परिच्छेद प्रिंट काढून लाव.

डीजीआरच्या कोर्सला नाव टाकतोय, ऑपरेशन्समध्येच जायचं असं पक्कं ठरवून. सीव्ही नव्याने लिहायला घेतलाय, क्वार्टरमास्टरचा भाग वर आणला. एचआर ताई, तयार झाला की तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तर एकदा बघाल का? सुभेदार साहेब, तळेगावला आलो की नक्की भेटतो.

---

एचआरवाली_पुणे

पाठवा नक्की. आणि सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करून माजी सैनिक ओळखपत्र लगेच काढून घ्या, रिलीज ऑर्डरच्या साक्षांकित प्रती जास्तीच्या ठेवा. जॉइनिंगच्या वेळी अनुभवाचा पुरावा म्हणून आम्ही हेच मागतो आणि तेव्हा धावपळ होते.